रुखमाबाईंचा पत्रा

नांदुरा,
वैशाख वद्य ९, शके १८६६

गं. भा. रुखमाबाई यांस,

गोजरबाईचा नमस्कार. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, तुमची खुशाली कळवत जावी. पत्र किसनराव वाचून दाखवतील हे मला माहीत आहे, म्हणून त्यांनाही नमस्कार, आणि माझ्या अक्षराला त्यांनी हसू नये. मराठी चौथी झाल्यावर माझ्या हातात लेखणी आली ती डब्यांवर 'मीठ' आणि 'सोडा' लिहायला.

तुम्ही भावाकडे वडनेरला गेलात ते न सांगता. सकाळी पाण्याला निघाले तर तुमच्या दाराला कुलूप. मला वाटलं बाजाराला गेला असाल. मग ताहेराच्या दारात तुमची शेळी बांधलेली दिसली तेव्हा कळलं. शेळी मजेत आहे. ताहेराच्या लेकरांना दूध मिळतं. पण संध्याकाळी दावं ओढून तुमच्या दाराशी जाते आणि कुलपाला शिंगं घासत उभी राहते. मी दोनदा हाकलली, पुन्हा तिथंच.

गल्लीत अजून वावधानाच्याच गोष्टी चालू आहेत. महादेवरावांचं वाळत घातलेलं धोतर काही सापडलं नाही, ते म्हणतात पूर्णेच्या पार गेलं. पुंजाजीची बाज विहिरीच्या थारोळ्यात उलटी पडली होती. ती त्यानं मोठ्या ऐटीत घरी आणली, आणि आता जाणाऱ्या-येणाऱ्याला तिच्यावर बसवून सांगतो की ही उडालेली बाज आहे. शाळेवरची कौलं गेली, निंबाची मोठी फांदी पडली. पोरांना सुटी मिळाली म्हणून पोरं तेवढी खूश.

तुम्ही होताच त्या दुपारी, तुम्हाला काय सांगायचं. तरी डोळ्यांपुढून जात नाही. आभाळ आधी पिवळं झालं, मग विटकरी. वारा असा काही नव्हताच, पानसुद्धा हलत नव्हतं. मी आशाला म्हटलंसुद्धा, आज उकडून जीव जातो. आणि मग नदीकडून धुळीची भिंतच चालत आली. आम्ही मायलेकी धाब्याच्या खोलीत शिरलो, दाराला जातं लावलं, आणि पाठ लावून बसलो. बाहेर काय काय वाजत होतं देव जाणे.

गफ्फारभाई निंबाखाली बसून आशाच्या गादीचा कापूस पिंजत होते. कापूस उडाला, तर हा माणूस आत पळायचं सोडून कापूस कवटाळायला धावला. पत्रा आला तो त्याच वेळी. ताहेरानं नवऱ्याला खामगावच्या दवाखान्यात नेलं, तिथं टाके घातले. हात राहिला, पण उजव्या हाताची बोटं मिटत नाहीत. डॉक्टर म्हणतात धीर धरा. धनुकली खुंटीला टांगलेली आहे. रोज सकाळी तिच्या आवाजानं आपली गल्ली जागी व्हायची, मी तर कितीदा शिव्या घातल्या असतील त्या आवाजाला. आता सकाळ झाली तरी झाल्यासारखी वाटत नाही.

रुखमाबाई, एक सांगते. तुम्ही सगळं आपल्या अंगावर घेऊन बसला आहात ते बरं नाही. कुरडया घालायला पत्र्यावरचे दगड सरकवले, सरकवले. उन्हाळ्यात कोण सरकवत नाही? आणि कुरडया तरी कोणासाठी, आमच्या आशाच्या रुखवतासाठी. वाऱ्याला कोणाचा पत्रा ते कळतं का? लोक काय, चार दिवस बोलतील आणि विसरतील. तो पत्रा तुमचाच कशावरून, असंही उद्या एखादा म्हणेल. पण ते जाऊ द्या.

आमचं म्हणाल तर पत्र्यांना लोखंडी आकडे ठोकलेले होते म्हणून निभावलं. सध्या मी चूल अंगणात मांडली आहे. आत धूर कोंडतो.

आनंदाची बातमी अशी की मेहकरच्या मंडळींनी आशाला पसंत केलं. साक्षगंध ज्येष्ठात धरू म्हणतात. मुलाच्या आईनं निरोपात खास कळवलं की घर टापटीप आहे. हे ऐकून तुम्हाला आनंद होईल म्हणून लिहिलं. मला मात्र जेवढा व्हायला हवा तेवढा होत नाही. लेक जाणार म्हणून असेल.

तुम्ही परत या. तुमच्याशिवाय भिंतीच्या पलीकडून कोणी खोकतसुद्धा नाही. सगळ्याच गोष्टी पत्रात लिहिण्यासारख्या नसतात, वाचणारं माणूस तिसरं असतं. भेटीत बोलू.

लोभ आहे तो कमी होऊ देऊ नये.

तुमची शेजारीण,
गोजर


नांदुरा,
ज्येष्ठ शुद्ध ४, शके १८६६

गं. भा. रुखमाबाई यांस,

गोजरबाईचा साष्टांग नमस्कार.

किसनरावांना हात जोडून विनंती आहे. हे पत्र वाचताना एक अक्षर गाळू नये, आणि बहिणीला वाईट वाटेल म्हणून कुठे आवाज बारीक करू नये. घरातली माणसं जवळ बसली असली तरी चालेल. असलेली बरी.

बाजाराच्या दिवशी किसनराव कुरडयांची टोपली घेऊन आले. मी त्यांना पाणी दिलं, गूळ दिला. ते ओट्यावरच बसले, म्हणाले, "बहिनीनं सांगतलं, आशाचं रुखवत अधुरं नको राहाले. पहिल्या कुरडया उडाल्या, म्हनून तिनं तिकडं नव्यानं गहू भिजू घातले." मी विचारलं, त्या कधी येतात? तर म्हणाले, "थे आता येत नाही नांदुऱ्याले. म्हनते, माह्या टिनानं गफ्फारभाऊचा हात गेला, मी कोन्या तोंडानं त्या गल्लीत पाय ठेवू? घरावरचे टीन काढून गफ्फारभाऊले देऊन टाक म्हनते."

मी टोपली घेतली. मी टोपली घेतली, रुखमाबाई, आणि किसनरावांना म्हटलं, त्यांना सांगा, मनाला लावून घेऊ नका. तेवढंच म्हटलं. ते गेले आणि मला माझीच किळस आली.

आता सांगते ते नीट ऐका. आमच्या स्वयंपाकघराच्या पत्र्यांना आकडे नव्हते. कधीच नव्हते. लढाई सुरू झाल्यापासून लोखंड कुठे मिळतं? तुम्ही दगड ठेवले तसे आम्हीही ठेवले होते. मेहकरची मंडळी मुलगी पाहायला येणार, मागच्या अंगणात जेवायला बसणार, त्यांना डोक्यावर दगडांची रास दिसणार, याची मला लाज वाटली. म्हणून मी सगळे दगड उतरवून हौदामागे लपवले. आणि गल्लीत सांगितलं की खामगावहून आकडे आणून ठोकून घेतले. तुम्ही भिंतीवरून पाहून म्हणालात, "बरं झालं बाई, आता वावधान आलं तरी तुमच्या चुलीले धक्का नाही." मी हसून हो म्हटलं.

मंडळी जेवून गेली त्याच दिवशी यांनी दगड वर चढवायला घेतले होते. मीच म्हटलं, राहू द्या दोन दिवस, चांगलं दिसतं. काही अडलं नव्हतं, कोणी यायचं नव्हतं. मला फक्त ते बिनदगडांचं छप्पर पाहायला आवडत होतं. दुसऱ्या दुपारी वावधान आलं.

वारा थांबल्यावर मी आधी मागे धावले. चुलीवरचं छप्पर एका जागी उघडं, आणि अंगणात पत्रा पडलेला. मला वाटलं, सुटलो, आपला आपल्याच अंगणात पडला. जवळ गेले तर त्याच्यावर कुरडया चिकटलेल्या. तो तुमचा होता. भिंतीवरून इकडे येऊन पडला होता, कोणाला खरचटलंसुद्धा नव्हतं.

तेवढ्यात गल्लीतून ताहेराची किंकाळी आली.

तिथं पडलेला पत्रा मी पाहिला. आमच्या पत्र्याला एक भोक होतं, ते गेल्या पावसाळ्यात मी आतून डांबर आणि हिरव्या लुगड्याचा तुकडा लावून बुजवलं होतं. तो हिरवा तुकडा वर होता. सगळे गफ्फारभाईंच्या हाताकडे पाहत होते. मी पायानं पत्रा उलटा केला. रक्त पाहून भोवळ आल्यासारखं दाखवलं आणि त्याच्यापाशीच बसले, म्हणजे कोणी तो उचलू नये. माणूस असं करू शकतं हे मला आधी माहीत नव्हतं.

कोणाचा पत्रा म्हणून विचारणं सुरू झालं. महादेवराव म्हणाले, "गोजरबाईचं टीन तं आकड्यानं ठोकलं हाय." तुम्ही धावत घरी गेलात, आपलं छप्पर पाहिलंत, आणि पांढऱ्याफटक होऊन परत आलात. तुम्ही स्वतःच म्हणालात, माझा आहे. मला काही बोलावंही लागलं नाही.

घरी येऊन मी उलथन्यानं तुमच्या पत्र्यावरच्या कुरडया खरवडल्या. हे बाजारातून आले तेव्हा त्यांना म्हटलं, आपला पत्रा अंगणातच पडला. तुम्ही तेव्हा ताहेराच्या लेकरांना सांभाळत बसला होता. आम्ही तो पत्रा उलटा करून आमच्या चुलीवर चढवला आणि वर दगड ठेवले. यांना काही माहीत नव्हतं, त्यांना दोष देऊ नका. तेव्हापासून तुमच्याच पत्र्याखाली आमचं घर राहतं आहे, आणि मी चूल अंगणात नेली ती धुराला कंटाळून नव्हे.

अजून एक राहिलं. 

गफ्फारभाईंना दवाखान्यातून घरी आणलं त्या सकाळी तुम्ही ताहेराच्या दारी गेलात. ती तुमच्या लेकीच्या वयाची, आणि तुम्ही तिच्या पायांवर डोकं ठेवलंत. अर्धी गल्ली जमली होती. मी ताहेराला खांद्याला धरून उभी होते. तेव्हा कोणीतरी म्हणालं, "दगड नीट ठेवाचे होते ना बाई." तुम्ही मान वर केली नाही. पदर डोक्यावर ओढून घेतलात आणि तशाच उठून गेलात. तुम्हाला वाटलं असेल गर्दीतली एखादी बाई बोलली. मी बोलले, रुखमाबाई. सगळे गप्प होते, आणि मला भीती वाटली की या शांततेत माझ्या तोंडाकडे कोणीतरी पाहील. म्हणून बोलले.

किसनराव गेले त्या संध्याकाळी अंगणात वारा होता, म्हणून आशा कणीक मळायला आत बसली. वरून काहीतरी परातीत पडलं. तिनं हाक मारली, "माय, आपल्या टिनातून कुरडई कशी पडून राह्यली वं?" मी खरवडलं ते वरवर, पत्र्याच्या नाळीत आत काही चिकटून राहिल्या होत्या. मी म्हटलं, चिमणीनं आणली असेल. आशानं तुमच्या टोपलीतली एक कुरडई काढली आणि परातीतल्या तुकड्याशेजारी ठेवली. तुमच्या सोऱ्याची जाळी किती बारीक आहे हे गल्लीतल्या पोरींनासुद्धा माहीत आहे, एवढी बारीक कुरडई दुसरं कोणी पाडत नाही. दोन्हींची जाळी तिनं बोटानं चाचपली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "माय, हे टीन कोनाचं हाय?"

मी सांगितलं. तिला सगळं सांगितलं. ती रडली नाही, मी रडले.

हे संतापले. त्यांचा राग मी एवढ्या वर्षांत पाहिला नव्हता. पण राग उतरल्यावर तेही म्हणाले, "साक्षगंध होऊ दे, मंग सांग कोनाले सांगाचं थे. पोरीचं जुळून राह्यलं, त्यात माती कालवतं का?" खोटं कशाला बोलू, मलाही ते पटलं. मी मान हलवली. रात्र तशीच काढली. सकाळी आशानं पोळी खाल्ली नाही. या घरच्या चुलीवरचं काही नको म्हणाली, आणि पाणी भरायला निघून गेली. माझ्या पोरीला माझ्या हातचं नकोसं झालं, मग मेहकरच्यांना हवंसं होऊन काय करायचं?

मी तशीच गफ्फारभाईंच्या घरी गेले. हे पत्र आधी लिहिलं असतं तर त्यातच समाधान मानलं असतं आणि तिथं गेलेच नसते, माझा स्वभाव मला आता कळला आहे. ते ओट्यावर बसले होते, हात गळ्यात बांधलेला. ताहेरा शेळीचं दूध काढत होती. मी दोघांना सगळं सांगितलं, हिरव्या तुकड्यासकट. गफ्फारभाईंनी ऐकून घेतलं. मला वाटलं होतं शिव्या देतील. मग म्हणाले, "टीन तं हवेनं आनलं बाई. त्याचं मी काय म्हनू? पन रुखमाबाई हिच्या पायावर पडून होती, तवा जे बोलल्या तुम्ही, थे कोन्या हवेनं आनलं?"

त्यांनी आवाज ओळखला होता. आत अंथरुणावर पडल्या पडल्याच ओळखला होता. आकडे असलेल्या घरची बाई गरीब शेजारणीला असं कसं बोलली, एवढंच त्यांना वाटत राहिलं होतं. 

 ताहेरानं शेळी सोडली आणि दावं माझ्या हातात दिलं. "ज्याची चूक नाही त्याची बकरी आमच्या दारी काऊन?" एवढंच. त्यांच्या भाकरी आता आमच्या घरून येतील असं मी म्हटलं. ती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. मी रोज नेऊन ठेवते. एक दिवस टोपलं तसंच परत आलं, काल रिकामं आलं.

तिथून विहिरीवर गेले. बाया होत्या, पुंजाजीही बादली घेऊन होता. त्यांच्यासमोर पुन्हा सगळं सांगितलं. पुंजाजीला तुम्ही ओळखता, एव्हाना ही गोष्ट त्याच्या उडालेल्या बाजेवर बसून साऱ्या नांदुऱ्यानं ऐकली असेल. बायांनी मला वाट करून दिली, पण कोणी घागर डोक्यावर ठेवायला हात लावला नाही. तुम्हीही हे सगळं एकटीनं सोसून गेला असाल, हे मला तेव्हा कळलं.

तुमचा पत्रा तुमच्या चुलीवर परत चढवला आहे. दगड मी स्वतः निवडून ठेवले. आमचा पत्रा तुमच्या भिंतीशी टेकून होता, तो आणला. रक्ताचा डाग धुतला नाही. तो आमच्या चुलीवर घातला आणि चूल आत नेली. त्याच्या दगडांसाठी आशा चढली होती, मी खालून देत होते. ती माझ्याशी कामापुरतं बोलते. "मोठा दे," "हा नको." तेवढं बोलली तरी मला पुष्कळ वाटतं.

मेहकरची मंडळी गुरुवारी साक्षगंधाला येणार आहेत. जेवायला मागच्या अंगणातच बसतील. दगड दिसतील. विचारतील तर सांगेन, विचारलं नाही तरी सांगेन. हे दोन दिवस जेवले नाहीत, पण काल अंगण सारवायला शेण त्यांनीच आणून दिलं. आशाचं काय होईल ते मला माहीत नाही. मोडलं तर पोर माझ्यामुळे घरी बसली असं आयुष्यभर ऐकीन. पण तुमच्या अंगावर तिचं लग्न उभं करणार नाही.

टोपलीतली आशानं काढली ती एकच कुरडई, बाकीला आम्ही हात लावला नाही. ती तुमच्या देवघरात ठेवली आहे, किल्ली किसनराव टीन काढण्यासाठी आमच्याकडे ठेवून गेले होते. तुम्ही आपल्या हातानं उघडून दिल्यात तरच त्या कुरडया रुखवतात मांडीन. नाही दिल्यात तर रुखवतात ती जागा रिकामी ठेवीन, आणि कोणी विचारलं तर ती का रिकामी आहे तेही सांगेन.

हे पत्र पुढे जाईल आणि मागोमाग मी येते. बुधवारी सकाळी वडनेरला पोहोचेन, एकटी. तुम्ही पायांवर डोकं ठेवलंत ते माझ्या वाट्याचं होतं. वडनेरमध्येही चार माणसं जमतील असंच मी दारात उभी राहून तुमच्या पाया पडेन. उठ म्हणू नका. जे बोलायचं ते बोला, आणि मोठ्यानं बोला. दार उघडलं नाहीत तरी मी ओट्यावर बसेन, संध्याकाळच्या गाडीपर्यंत.

शेळी रोज तुमच्या दाराशी बांधते. आता दावं ओढत नाही.

लोभ असावा असं लिहिण्याचा रिवाज आहे, तो मी या पत्रापुरता सोडते.

"दगड नीट ठेवाचे होते ना बाई" म्हणणारी,
गोजर